रिकाम्या गाडीचं वजन

यंदाच्या हंगामातली पहिली ट्रॉली मी पाहिली नाही, ऐकली. ट्रॅक्टर फाटकातून वळला की त्याचा आवाज आधी खाली बसतो, मग मागची ट्रॉली वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर चढते आणि जमिनीतून एक जाड हुंकार येतो. तो माझ्या खुर्चीच्या पायांतून वर चढतो. कापसाची आवक सुरू झाली हे मला दरवर्षी असं तळपायांना कळतं. डोळ्यांना कळायची सोय नाही, कारण माझ्या खोलीची खिडकी प्लायवूड ठोकून बंद केलेली आहे आणि दाराच्या फटींना रबराची पट्टी आहे.

मी दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतात तिथे, संगणक सांभाळतो. ही खोली पूर्वी नमुन्यांची होती. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड यायचा. त्या उजेडात व्यापारी कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ओढायचे आणि धाग्याची लांबी पाहायचे. आता ज्या टेबलावर कापूस पसरायचे तिथे लहान फ्रीजएवढं एक काळं यंत्र आहे. ते गुणगुणतं, मी त्याच्यासमोर स्वेटर घालून बसतो. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन असतं आणि मी एसीच्या थंडीत हात चोळत असतो, हे रंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, आजही पटत नाही.

तरी हंगाम आत येतोच. जो माणूस दार उघडतो त्याच्या भुवयांवर रुईचं पांढरं बसलेलं असतं. त्याच्या अंगाला सरकीचा तेलकट वास असतो. कुणी बोलायला लागलं की ओठांवरचा एखादा तंतू आधी थुंकून टाकतो आणि मग बोलतो. मी नवा होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कापसाच्या गंजीत खांद्यापर्यंत हात घालून उभा राहायचो. वरून थंड, ओलसर आणि आत ऊबदार, जवळजवळ अंगासारखी ऊब. आता त्या बाजूला जाणं होत नाही. पण पहिल्या ट्रॉलीचा हुंकार आला की उजव्या हाताला ती ऊब अजून आठवते, आणि तिच्या मागोमाग तो एक हंगाम आठवतो. चार-पाच वर्षं झाली असतील.

त्या वर्षी हे काळं यंत्र नवं होतं. त्याआधी आमच्याकडे चार वेगवेगळे संगणक होते. एक काट्यावर, एक हिशेबाला, एक हजेरीला आणि एक कॅमेऱ्यांचं चित्रण साठवायला. चौघांच्या पंख्यांत रुई अडकायची. आठवड्याला एकदा मी स्क्रू खोलून आतून पांढऱ्या उंदरासारखे गोळे काढायचो. म्हणून शेठजींनी नागपूरच्या लोकांकडून एकच मोठा सर्व्हर घेतला, तो या बंद खोलीत बसवला आणि चारही संगणक त्याच्या पोटात घातले. निर्णय चुकीचा नव्हता, हे आधीच सांगतो. मी तेव्हाही तसंच म्हणालो होतो.

पोटात घातले म्हणजे काय, ते एकदा रंजनाला समजावून सांगायची वेळ आली होती. यंत्र एकच. पण त्याच्या आत एक थर असतो, आणि त्या थरावर चार यंत्रं असल्याचा देखावा उभा केलेला असतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत, आपला प्रोसेसर आपला, आपली डिस्क आपली. खरं तर एकाचंही काही नसतं. काही लिहायचं असेल तर ते थराला सांगतं, थर पाहतो कुणाची पाळी आहे, मग देतो. पाळी नसेल तर त्या यंत्राला तिथल्या तिथे गोठवून ठेवतो आणि पाळी आली की सोडतो. गोठलो होतो हे त्या यंत्राला कळतही नाही.

"म्हणजे आपल्या क्वार्टरसारखं," रंजना म्हणाली.

आम्ही कारखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहतो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. वीज कारखान्याची. पाणी कारखान्याची मोटर सुरू झाली की येतं. पाहुणे आले तर फाटकावर त्यांचं नाव लिहावं लागतं. घर आमचंच, पण नळ उघडण्याआधी मोटरचा आवाज ऐकायचा, ही तिची सवय. मी तिला म्हटलं, तसं नाही, जरा वेगळं असतं. नेमकं काय वेगळं, ते मात्र मला सांगता आलं नाही.

काट्याची पद्धत इकडच्या कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. ट्रॉली कापसासकट तोलायची. मग ती आत जाऊन रिकामी होते. परत जाताना पुन्हा फळीवर घ्यायची आणि रिकामी तोलायची. दोन्हींतला फरक तो कापूस. म्हणजे एक गाडी काट्यावर दोनदा येते आणि दोनदा चिठ्ठी निघते. मधल्या वेळात गडी ताडपत्री झाडतात, चालक चहा पितात, कुणी उतरतं, कुणी चढतं. दुसरं तोलणं होईपर्यंत कोणीही कापसाच्या वजनाचा आकडा बोलत नाही.

त्या हंगामात चिठ्ठी उशिरा निघू लागली. फार नाही, थोडीच. पण आमच्याकडे काटा एक आणि भर आवकेत तो आधीच काठोकाठ चाललेला. अशा ठिकाणी प्रत्येक गाडीमागे अर्धं मिनिट वाढलं तर रांग अर्ध्या मिनिटाने वाढत नाही, दिवसभर वाढतच जाते. दुपारपर्यंत ती फाटकाबाहेर, दारव्ह्याच्या रस्त्यावर जायची. ट्रॅक्टर बंद-चालू, बंद-चालू. धुळीने रस्त्याकडेच्या बाभळी करड्या पडलेल्या आणि त्यांच्या काट्यांना कापसाचे झुबके लागलेले.

रांगेत हमखास किसनभाऊ राठोड असायचे. जवळच्या तांड्यावरचे, स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा कापूस आणायचे. तोंडाचे फार तिखट. मी तारा तपासायला काट्यावर गेलो की ते वरून ओरडायचे, "काय गावंडेभाऊ, तुमच्या मशीनले थंडी वाजून राह्यली काय? चिठ्ठी कुडकुडत बाहेर येते!"

"येते येते, किसनभाऊ. दम धरा जरा."

"दम तं धरूनच राह्यलो सकाळपासून. आमच्या तांड्यावरची म्हातारी याच्या आधी सुईत दोरा ओवते."

काट्याच्या केबिनमध्ये पुष्पाताई बसायच्या, आजही बसतात. त्या खिडकीतून माझ्याकडे पाहायच्या आणि नुसत्या हात वर करायच्या. त्यांची बोटं वेगाने चालत होती, ते मला दिसत होतं. पण रांगेतल्या माणसाला खिडकीत बाईच दिसते, माझ्या खोलीतलं यंत्र दिसत नाही. त्यामुळे टोमणे तिला.

शेवटी एका बुधवारी शेठजींनी आम्हा दोघांना बोलावलं. शेठजी माणूस रागीट नाही. ते टेबलावर बोट आपटतात आणि निर्णय सांगतात, एवढंच.

"सीधी बात करू, गावंडेजी. रांग पाहून लोक दुसऱ्या जिनिंगवर चाललेत. रोज तेच ट्रॅक्टर, त्याच ट्रॉल्या. रिकामी ट्रॉली एकदा तोलली ना, तिचं वजन काय रोज वाढते? एकदाचं मशीनमध्ये टाकून ठेवा. सोमवारपासून दुसरं तोलणं बंद. अर्धं काम, अर्धी रांग."

मी म्हटलं, "शेठजी, रिकामं वजन रोज बदलते. डिझेल कमी-जास्त असते, ताडपत्री दवाने भिजलेली असते, चाकाला चिखल असते, कधी दोन माणसं वर बसलेली असतात. चाळीस-पन्नास किलोचा फरक सहज पडते."

"कधी इकडे, कधी तिकडे. वर्षाला बराबर होऊन जाते."

बेरजेच्या दृष्टीने ते खरंही असेल. पण मी आकड्यांत वाढलेला माणूस आहे. वर्षाची बेरीज शेठजींची होते. किसनभाऊंची त्या दिवशीची एकच गाडी असते. त्यातून कुणाचं किती गेलं हे कुणालाच कळणार नाही, कारण ते मोजलेलंच नसेल. चुकीचं मोजणं निदान पुन्हा तपासता येतं.

बाहेर आल्यावर पुष्पाताई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "वजन मशीन सांगीन, पण सही माही राहीन. उद्या तपासनीस आला तं तो मशीनले नेते का मले?"

"माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे, ताई. उशीर कुठे होते ते सापडलं तर शेठजी ऐकतील."

"अन् नाही सापडलं तं?"

आवारातल्या क्वार्टरमध्ये राहणारा माणूस शेठजींशी किती वेळ वाद घालू शकतो, याचा अंदाज त्यांनाही होता.

पुढचे दोन दिवस मी मोजत बसलो. काट्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक चिठ्ठीची वेळ स्वतःच नोंदवतं. आकडा टाकल्यापासून चिठ्ठी निघेपर्यंत किती सेकंद. जुन्या संगणकावर साधारण बारा लागायचे, ते माझ्याकडे लिहिलेलं होतं. आता ते सॉफ्टवेअर पंधरा सांगत होतं. तीन सेकंदांनी रांग दारव्ह्याच्या रस्त्यावर जात नाही. मी पुन्हा पाहिलं. पंधरा. ऑफिसातल्या लँडलाइनवरून नागपूरच्या माणसाला फोन लावला. तो तिकडूनच आमचं यंत्र पाहू शकत होता. थराच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडे होत्या, माझ्याकडे नव्हत्या. तो मुलगा नम्र होता. "सर, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. चारही मशीनला भरपूर दिलंय. खऱ्या यंत्रात आठ कोअर आहेत, आम्ही चौघांनाही आठ-आठ दिलेत."

कोअर म्हणजे यंत्राचे काम करणारे हात. आठ खरे, वचनं बत्तीस. मला ते खटकलं. आठ जण एकदम मोकळे होईपर्यंत कुणाला तरी थांबावं लागत असणार. मी तसं विचारलं. तो म्हणाला, "नाही सर, काटा थांबला असता तर तुमच्या नोंदीत दिसलं असतं ना?"

दिसत नव्हतं. आत सगळं ठीक होतं आणि बाहेर रांग होती. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदाच गुदमरल्यासारखं झालं. रबराची पट्टी, प्लायवूड, गुणगुण. पडद्यावर हिरवे ठिपके. काही बिघडलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. काहीच बिघडलेलं नाही असं सांगणाऱ्या यंत्राचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं. असा काळ आयुष्यातही येतो. घरात भांडण नाही, तब्येत ठीक, मुलगी पुण्यात शिकायला गेलेली आणि चांगली शिकतेय, कुणी विचारलं तर सांगण्यासारखं दुखणं नाही. आणि तरी माणसाला वाटत राहतं की कुठेतरी आपली रांग लांबत चाललीय.

गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो तर रंजना ओट्यावर तुरीचे दाणे सोलत बसली होती. इकडे त्यांना सोले म्हणतात. वांग्यात सोले घालून भाजी करायचा तो महिना. ती रागात होती, पण शेंगांवर राग निघत नव्हता, त्या हलक्या हाताने उघडाव्या लागतात.

"आज पण पुसदले जाणं झालं नाही," ती म्हणाली. पुसदला तिची आई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आठवड्यातून दोनदा ती दुपारच्या एसटीने जायची.

"काहून?"

"गाडी गेली. मागच्या खेपीलेही गेली. एसटी आता टायमाच्या आधी सुटून राह्यली."

मी हसलो. पन्नाशीला आलो, पण एसटी वेळेआधी सुटल्याचं ऐकलं नव्हतं.

"हसता कायले? खरं सांगून राह्यली. दोनचा भोंगा झाला, मी चप्पल घातली. रोजचंच आहे ना माह्यं. फाटकाबाहेर गेली तं पानवाला म्हणते, वहिनी, गाडी तं कवाचीच गेली."

भोंगा म्हणजे कारखान्याच्या पाळीचा. दोनला सकाळची पाळी सुटते. पूर्वी चौकीदार आपल्या मनगटावर पाहून तो द्यायचा. नवं यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला बोलणी बसली, कारण त्याने भोंगा दिला तेव्हा ऑफिसच्या पडद्यावर दोन वाजायला अजून बराच वेळ होता. चिठ्ठीवरची वेळ आणि पाळीची वेळ जुळली पाहिजे, असं शेठजींचं म्हणणं. त्या दिवसापासून चौकीदार ऑफिसच्या खिडकीशी येऊन पडद्यावर पाहायचा आणि मगच बटण दाबायचा. जिनिंगमध्ये आगीच्या भीतीने काडेपेटी, विडी, मोबाईल सगळं फाटकावर जमा करावं लागतं. मीही करतो. आत वेळ पाहायला पडदाच. पाळी सुटल्यावर फाटकावर मोबाईल हातात घेताना कामगार कुरकुरायचे, "शेठ पाव तास खाऊन राह्यला." ते माझ्याही कानावर आलं होतं. मला वाटलं, असं तर लोक बोलतातच.

चौकीदाराने भोंगा लवकर दिला. शेठ पाव तास खातो. एसटी आधी सुटते. सगळ्यांनी माणसांना धरलं, गाडीलाही धरलं. एवढ्या महागाच्या यंत्राचं घड्याळ मागे पडत असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. गोठवून ठेवलेल्या यंत्राचं घड्याळही गोठत असणार. पाळी येईपर्यंतचे ते सेकंद त्याच्या हिशेबात नाहीतच. म्हणून ते पंधरा सांगतं आणि मनापासून सांगतं. रोज रात्री काम संपल्यावर मी ते बंद-चालू करायचो, तेव्हा ते बाहेरची खरी वेळ घ्यायचं. म्हणून सकाळी बरोबर असायचं आणि चिठ्ठ्या निघतील तसं गळत जायचं. मी दोन दिवस त्या घड्याळाचा उशीर त्याच घड्याळाने मोजत बसलो होतो.

"रंजना, तुझं मनगटी घड्याळ चालू आहे ना?"

"चालू आहे. तुमच्यासारखं नाही मी, पडद्यात पाहून जगत."

शुक्रवारी मी तिचं घड्याळ बांधून खोलीत बसलो. बायकी घड्याळ, सोनेरी पट्टा. पण सेकंदकाटा स्वच्छ. आतल्या नोंदीत पंधरा. मनगटावर पंचवीस.

पण पंचवीस का, हेही कळायला हवं होतं. सोमवारी शेठजी विचारतील, थराचं स्वतःचं ओझं किती आणि गर्दीचं किती. आणि मला ते ठाऊक नव्हतं. मग मला आमचीच पद्धत आठवली. भरलेली तोलली, आता रिकामी तोला. रविवारी कारखान्याला सुट्टी होती. हिशेब, हजेरी, कॅमेरे, तिघांना मी त्यांच्या-त्यांच्या आतून बंद केलं. तेवढ्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. थरावर एकटा काटा ठेवला. आणि गोदामातून जुना संगणक आणून, पंखा साफ करून, शेजारी मांडला.

मदतीला रंजना आली. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदाच येत होती. दार मागे बंद झालं तसं तिने शाल ओढून घेतली आणि दाराकडे पाहिलं.

"हे आतून उघडते ना?"

"उघडते."

"दिवसभर इथंच बसता?"

"इथंच."

ती घड्याळ हातात घेऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसली. मी बटण दाबायचो तेव्हा "हं" म्हणायचो, चिठ्ठी निघाली की ती "हं" म्हणायची आणि आकडा सांगायची. हं. हं. बारा. जुना संगणक. हं. हं. तेरा. थरावर एकटा काटा. आम्ही पुन्हा पुन्हा केलं. बारा आणि तेरा, हलले नाहीत. मधेच तिने डब्यातून सोल्यांची कचोरी काढली आणि एक हात घड्याळावर ठेवूनच मला दुसऱ्याने दिली. खोलीत तीन यंत्रं झोपलेली, त्यामुळे गुणगुण बरीच कमी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकाच गोष्टीकडे दोघांनी इतका वेळ टक लावून पाहिल्याचं मला दुसरं आठवत नाही. तिच्या बोटांना तुरीच्या शेंगांचा हिरवा, तुरट वास होता. त्या खोलीत तो वास फार मोठा वाटला.

तर थराचं स्वतःचं वजन बारामागे एक. ते काही वाईट नाही. कुठलीही गाडी फुकट ओझं वाहत नाही, तिचं स्वतःचं वजन असतंच. तेराचे पंचवीस झाले ते चौघांना एकाच वेळी सगळं द्यायचं कबूल केल्यामुळे. ते वजन गाडीचं नव्हतं, वर येऊन बसलेल्यांचं होतं.

हे सगळं मी सोमवारी सकाळी शेठजींना सांगितलं. नवी पद्धत त्याच दिवशी सुरू व्हायची होती आणि बाहेर ट्रॉल्या लागल्या होत्या. शेठजी म्हणाले, "गावंडेजी, एवढं मोठं मशीन, त्याची घडी चूक, आणि तुमच्या घरवालीची बरोबर?"

"शेठजी, तुमचा चहा येऊ द्या. चहा होईपर्यंत पाहू."

मी काट्याच्या यंत्राची वेळ त्यांच्या पडद्यावर आणली आणि सेकंद जुळवून घड्याळ त्याच्याशेजारी ठेवलं. बाहेर एकामागून एक चिठ्ठी निघत होती. शेठजींनी चहा बशीत ओतला. पहिल्या घोटाला दोन्ही बरोबर होती. मग पडद्यावरचे सेकंद एकदा अडखळले. पुन्हा चालले. पुन्हा अडखळले, जसा माणूस बोलताबोलता डुलकी घेतो आणि शब्द सोडून पुढे बोलतो. बशी रिकामी झाली तेव्हा सोनेरी पट्ट्याचं घड्याळ जवळजवळ अर्धं मिनिट पुढे होतं.

शेठजींनी नागपूरला फोन लावला. मुलगा म्हणाला, सर, आमच्याकडे हिरवं आहे. शेठजींनी फोन उलटा ठेवला. मी उभा होतो. माझ्या मनात काटा नव्हता, क्वार्टर होती, हे खरं सांगतो. मोरीच्या कडेला रंजनाने लावलेली तुळस, गादीखाली ठेवलेली मुलीची जुनी प्रमाणपत्रं, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

"काटा बाहेर काढा," शेठजी म्हणाले. "जुन्या मशीनवर टाका. रांग कमी झाली तर तोलणं दोन बार, पहिल्यासारखं. नाही झाली तर माझी पद्धत. बाकी तिघं आतच राहू द्या. एवढं घेतलं आहे ते काय पूजेला?"

"अन् त्यांच्याजवळ मी?"

"तुम्ही नाही तर कोण?"

त्यात टोमणा नव्हता. कौतुकच होतं बहुतेक. मी मान हलवली.

अजूनही तसंच आहे. यंत्र मधे एकदा बदललं. नव्या माणसाने वचनं कमी केली, घड्याळ आता बाहेरून सतत दुरुस्त होत राहतं. एसटी पूर्वीसारखी उशिरा सुटते. मी मात्र मोजायचं म्हटलं तर कशाने मोजू, हे मला ठरवता येत नाही. आतून पाहिलं तर माझं सगळं पंधरात होतं. मुलगी पुण्याहून फोन करते आणि विचारते, "बाबा, काय चाललंय?" मी म्हणतो, चाललंय. ती म्हणते, मागच्या महिन्यातही हेच म्हणालात. मला तो मागचा महिना आठवत नाही. दिवाळी आठवते आणि मग एकदम होळी. मधलं कुणीतरी ठेवून घेतलं असावं. हा काही तक्रारीचा सूर नाही. ज्याची पाळी येते त्याला मिळतं आणि माझीही येते. पण रविवारी रंजना ओट्यावर बसून विचारते, "निवृत्त झाल्यावर कुठं राहू आपण?" तेव्हा मला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तो मी तिच्या घड्याळावर पाहायचं टाळतो.

तर तो सोमवार. दुपारपर्यंत मी काटा जुन्या संगणकावर आणला आणि तो पुष्पाताईंच्या केबिनमध्ये, त्यांच्या पायांशी, जुनी ओढणी पांघरवून बसवला. रुई जाऊ नये म्हणून. तासाभरात रांग फाटकाच्या आत आली. शेठजी एकदा ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले, रस्त्याकडे पाहिलं आणि आत गेले. पुष्पाताई म्हणाल्या, "गेले म्हणजे झालं." तेवढाच निकाल.

किसनभाऊंची ट्रॉली रिकामी होऊन परत फळीवर आली तेव्हा मी केबल नीट बसली का ते पाहत तिथेच होतो. ते सीटवरून वळून म्हणाले, "गावंडेभाऊ, हे माणसासारखं झालं. आता चाला तांड्यावर. वहिनीले घ्या. तुरीच्या शेंगा उकडतो, मडकं भरून."

"सुट्टी कुठे आहे, किसनभाऊ."

"सुट्टी मागतं कोण? या, वर तं या." त्यांनी हात दिला. का कोण जाणे, मी तो धरला आणि ट्रॉलीत चढलो. तळाशी कापसाची दोन-चार बोंडं राहिली होती. तिथून आवाराच्या भिंतीपलीकडचं दिसत होतं. त्या हंगामात मी ते पाहिलंच नव्हतं. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, मधे मधे राहून गेलेलं पांढरं, तुरीचा पिवळा पट्टा आणि पार टोकाला रस्ता, उतरणीला लागलेला. ऊन पाठीवर बसलं. मी ट्रॉलीच्या कडेला टेकलो. इंजिन सुरूच होतं, पायाखालचं लोखंड थरथरत होतं. ते निघाले असते तर मी उतरलो असतो असं मला खात्रीने म्हणता येत नाही.

केबिनमधल्या माइकवरून पुष्पाताईंचा आवाज आवारभर गेला. "भाऊ, उतरा! तुमचं वजन धरून राह्यलं त्याच्यात!"

रांगेतले सगळे हसले. किसनभाऊंनी वळून खांबावरच्या वजनाच्या तांबड्या आकड्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उतरा जी, उतरा! माह्या कापसातून कटून राह्यले तुम्ही!"

मी उतरलो. फळीवरूनही बाजूला झालो. आकडा माझ्याएवढा खाली आला, एकदा हलला आणि थांबला. चिठ्ठी निघाली, पुष्पाताईंनी सही केली, किसनभाऊंनी ती घडी करून खिशात घातली. ट्रॉली फाटकाबाहेर पडली, माझ्याशिवाय, तिच्या खऱ्या वजनाची.